लॅटेक्स की नायट्राइल: गाडी साफ करताना हातात काय घालायचं?

दोन्ही हातमोजे पातळ, दोन्ही ताणले जातात, दोन्हींतून पाणी आत येत नाही. शेजारी शेजारी ठेवले तर फरक पटकन कळत नाही. रंगावर तर अजिबात जाऊ नका. लॅटेक्स सहसा पिवळसर पांढरं आणि नायट्राइल निळं किंवा काळं असतं हे खरं, पण रंग कशालाही देता येतो आणि निळं लॅटेक्सही मिळतं. त्यामुळे खोक्यावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय इलाज नाही. गाडीच्या कामात हे वाचणं फार गरजेचं आहे, कारण हात एकाच द्रवात नसतो. आधी शॅम्पूचं पाणी, मग तेल-ग्रीस काढणारा डिग्रीझर, मग डांबराचे डाग विरघळवून काढणारं सॉल्व्हंट, मग रंग घासून चकचकीत करणारं कंपाउंड आणि शेवटी वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा संरक्षक थर. यातल्या शॅम्पूला लॅटेक्स चालतं. पुढच्या बऱ्याचशा गोष्टींना ते पुरत नाही.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून बनवलेलं नैसर्गिक रबर. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या जवळजवळ निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनच्या असतात. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस हे सगळे त्याच गोत्रातले. एका गोत्रातले पदार्थ एकमेकांत सहज मुरतात. तेल लॅटेक्सला नुसतं वरून लागून राहत नाही, ते साखळ्यांच्या मधे शिरतं आणि रबर फुगवतं. नायट्राइल हे अ‍ॅक्रिलोनायट्राइल आणि ब्युटाडाइन यांच्यापासून कारखान्यात तयार केलेलं रबर. त्याच्या साखळीवर जागोजागी कार्बन-नायट्रोजनच्या जोड्या असतात. त्यांच्यामुळे ते रबर ध्रुवीय होतं, म्हणजे त्याच्या रेणूंत विद्युतभार एका बाजूला झुकलेला असतो, आणि तेलाला आत शिरायला फारसा वाव राहत नाही. सगळा फरक इथून सुरू होतो.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन्ही प्रकारचे मोजे टेबलावर पसरा आणि एकेका बोटावर डांबर काढायच्या द्रवाचे दोन थेंब टाका. मोजे हातात घालून हा प्रयोग करू नका. लॅटेक्सवर थेंब पडलेली जागा बघता बघता पसरते, फुगते, तिला लाटांसारख्या सुरकुत्या पडतात. ती जागा ताणली की आजूबाजूच्या रबरापेक्षा मऊ लागते आणि लवकर फाटते. नायट्राइलवर थेंब बराच वेळ थेंबासारखा बसून राहतो. पॉलिशिंग कंपाउंडचंही असंच आहे. त्यात घासणाऱ्या कणांबरोबर बहुतेक वेळा खनिज तेल असतं, म्हणून तासभर पॉलिश केल्यावर लॅटेक्सची बोटं सैल आणि चिकट होतात. पेट्रोलियम जेली असलेली क्रीम हाताला लावून वर लॅटेक्स घातलं, तर हेच नुकसान आतून होतं.

म्हणजे लॅटेक्स वाईट, असं नाही. ताणात आणि बोटांना घट्ट बसण्यात ते अजूनही सरस आहे. नुसतं साबणपाण्याचं काम असेल, बादलीत हात घालून मिट (गाडी धुवायचा मऊ, हातमोज्यासारखा कपडा) पिळायचा असेल, तर भांडी घासायला वापरतात तसे जाड, आतून मऊ अस्तर असलेले लॅटेक्सचे मोजे उत्तम. धुवून वाळवून ते पुन्हा वापरता येतात. फक्त ते उन्हात टाकू नका. ऊन, उष्णता आणि ओझोन यांनी नैसर्गिक रबराला बारीक भेगा पडतात.

आता त्वचेचा प्रश्न. लॅटेक्समध्ये झाडाच्या चिकातली प्रथिनं उरलेली असतात आणि काही जणांना त्यांची खरीखुरी अ‍ॅलर्जी असते. मोजे घातल्यावर काही मिनिटांत खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास घ्यायला त्रास होतो. पावडर लावलेले मोजे असतील तर ती प्रथिनं पावडरीबरोबर हवेतही पसरतात. याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय वापराच्या पावडरवाल्या मोज्यांवर 2017 पासून बंदी घातली. गाडीच्या कामातही पावडरवाले मोजे नकोतच, कारण ती पांढरी भुकटी ताज्या पुसलेल्या पॅनेलवर आणि कोटिंगमध्ये जाऊन बसते. नायट्राइलमध्ये ही प्रथिनं नसतात. पण नायट्राइल घालूनही एक-दोन दिवसांनी मनगटाशी लाल चट्टे उठत असतील, तर कारण वेगळं असतं. रबर पक्कं करायला वापरलेली रसायनं दोन्ही प्रकारच्या मोज्यांत असू शकतात. त्यांच्याविना बनवलेले नायट्राइलचे मोजेही मिळतात, अशांनी ते घ्यावेत.

इतकं वाचून नायट्राइल म्हणजे चिलखत असं वाटायला लागतं, आणि नेमका तिथेच धोका आहे. ज्या ध्रुवीयतेमुळे ते तेलाला दाद देत नाही, तिच्याचमुळे ते अ‍ॅसिटोनसारख्या द्रवांपुढे नमतं. थिनरमध्ये, गोंद काढायच्या काही द्रवांत अ‍ॅसिटोन असतं आणि पातळ नायट्राइलमधून ते फार लवकर पार होतं. त्यासाठी मोज्याला भोक पडावं लागत नाही. द्रवाचे रेणू रबरात विरघळून पलीकडे निघतात. वरून मोजा धडधाकट दिसतो आणि आत बोटं सॉल्व्हंटमध्ये भिजत असतात, वर घामाने तो द्रव त्वचेशी कोंडून राहतो. म्हणून अशा द्रवाचा शिंतोडा उडाला की मोजा तिथल्या तिथे बदलायचा. एकदा वापरून फेकायचे मोजे धुवून पुन्हा घालण्यात काटकसर नाही, त्यात नुसता त्रास आहे.

खोक्यावर काय शोधायचं? ईएन आयएसओ 374-1 हे रसायनांपासून संरक्षण देणाऱ्या मोज्यांचं मानक. त्यात चंबूचं छोटं चित्र असतं आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं. प्रत्येक अक्षर एका चाचणी-रसायनाचं. बी म्हणजे अ‍ॅसिटोन, एफ म्हणजे टोल्युइन, जे म्हणजे पेट्रोलच्या जातीतलं हेप्टेन, के म्हणजे 40 टक्के कॉस्टिक सोडा. या अक्षरांहून वेगळा असतो तो मोज्याचा टाइप: टाइप ए मोजा निदान सहा रसायनांना 30 मिनिटं थोपवतो, टाइप बी तीन रसायनांना तेवढाच वेळ, आणि टाइप सी फक्त एकाला, तेही 10 मिनिटं. पातळ नायट्राइलच्या खोक्यावर पुष्कळदा के, पी (हायड्रोजन पेरॉक्साइड), टी (फॉर्मॅल्डिहाइड) एवढीच अक्षरं दिसतात. म्हणजे अल्कली डिग्रीझरला आधार आहे, पण ‘जे’ हे अक्षर नाही, ‘बी’ही नाही. तेलकट काम रोजचं असेल तर ‘जे’ हे अक्षर शोधा. चित्रच नसेल, तर तो मोजा रसायनांसाठी आहे असं धरून चालू नका.

जाडी हा दुसरा मुद्दा. ती मिलमध्ये सांगतात, आणि एक मिल म्हणजे सुमारे 0.025 मिलिमीटर. तीन-चार मिलचे मोजे कोटिंग पुसण्यासारख्या हलक्या हाताच्या कामाला ठीक. चाकं, ब्रेकची काळी धूळ, इंजिनची जागा यांना सहा ते आठ मिल बरे, कारण तिथे धारदार कडा असतात. मशीन पॉलिशर चालवताना मात्र मोजा बोटांना घट्टच हवा. सैल मोजा फिरत्या पॅडमध्ये अडकला तर हात ओढला जातो. एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात: चाकं साफ केलेल्या मोज्यांनी बोनेटला हात लावू नका. त्याला चिकटलेली धातूची कच रंगावर बारीक ओरखडे उठवते.

चाकांवरची लोखंडी धूळ जांभळी करून काढणारे द्रव पीएच-न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) लिहिलेले असले तरी त्यांतली थायोग्लायकोलेट ही रसायनं त्वचेला त्रास देतात. तिथे नायट्राइल हवंच.

एका बाटलीपुढे मात्र दोन्ही पातळ मोजे निकामी आहेत. अलॉयची (मिश्रधातूची) चाकं चकचकीत करणाऱ्या काही अ‍ॅसिडमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते त्वचेतून खोल उतरतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून घेतं. द्रावण सौम्य असेल तर सुरुवातीला काही जाणवतही नाही, दुखायला लागतं ते काही तासांनी. लेबलवर ही नावं दिसली तर माझं मत स्पष्ट आहे: घरी ते वापरू नका, चाकांसाठी दुसरा क्लीनर घ्या. वापरणं भागच असेल तर चंबूखाली एस (म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्ल) हे अक्षर असलेले, कोपराकडे जाणारे जाड मोजे, डोळ्यांवर गॉगल आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हवं. हाताला लागल्याची शंका जरी आली तरी भरपूर पाण्याने धुवा, जेल लावा आणि दुखायची वाट न बघता बाटली बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा.