सोसायटीतल्या झाडांची छाटणी: परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

पावसाळा तोंडावर आला की पालिकेची सूचना येते: आवारातल्या धोकादायक फांद्या छाटून घ्या. सूचना वाचून सेक्रेटरी धावतपळत अर्ज देतात आणि त्यातले बरेच अर्ज त्रुटी काढून परत येतात. सूचना देणारा उद्यान विभाग आणि त्रुटी काढणाराही उद्यान विभागच, त्यामुळे लोक चिडतात ते साहजिक आहे. पण परत आलेले अर्ज वाचले तर कारणे तीच तीच निघतात आणि त्यातली बहुतेक टाळता येण्यासारखी असतात.

आधी वारंवार विचारला जाणारा प्रश्न. झाड आमचे, जागा आमची, लावले आम्ही, मग परवानगी कशाला? महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत लागू आहे. त्यात झाड तोडणे याचा अर्थ बुंध्यावर करवत चालवणे इतकाच नाही. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यातच मोडते. म्हणून छाटणीलाही अर्ज लागतो. मुंबईच्या वृक्षगणनेत साधारण 29 लाख 75 हजार झाडे नोंदली गेली, त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आवारांत आहेत. म्हणजे हा प्रश्न चार सोसायट्यांपुरता नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांचा रस्ता वेगळा: तिथे 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो, आणि साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशा अनुसूचीतल्या झाडांसाठी वन विभागाची पायरी चढावी लागते.

झाड कोणाचे, हे ठरवताना फांदी कुठे आली ते पाहू नका, बुंधा कुठे आहे ते पाहा. फुटपाथवरच्या किंवा रस्त्याकडेच्या झाडाची फांदी तुमच्या गॅलरीत घुसली असेल तर परवानगीचा अर्ज करायचाच नाही, तक्रार करायची. मुंबईत 1916 वर किंवा वॉर्ड ऑफिसात. इतर शहरांत पालिकेच्या उद्यान विभागात. दुभाजकातली मेंदी वाढून वळणावरची गाडी दिसत नाही, रस्त्याकडेला गवत माजले, हीही तक्रारच. मात्र रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर पालिका हात वर करते, आणि ते बरोबरही असते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033. फांदी विजेच्या तारेला लागत असेल तर आधी वीज कंपनीला कळवा. चालू तारेजवळ सोसायटीच्या माळ्याला चढवणे हा वेडेपणा आहे. बुंधा शेजारच्या आवारात असेल तर अर्ज शेजाऱ्यांनी करायचा. त्यांच्याशी बोलणे बंद आहे, हे कारण कोणताही अधिकारी लिहून घेत नाही. भांडण मिटवा किंवा त्यांच्याकडून निदान संमतीपत्र आणा.

आता कागद. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, कार्यकारिणीचा ठराव, मालमत्ता कराची चालू पावती, झाडांचे फोटो आणि त्यांची जागा दाखवणारा हाताने काढलेला साधा नकाशा, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. अडते ते जागेच्या मालकीच्या पुराव्यावर. मिळकत पत्रिका मागितली जाते, आणि ती उघडून पाहिली तर तिच्यावर अजून बिल्डरचे किंवा मूळ जमीनमालकाचे नाव असते, कारण इमारत उभी राहून पंचवीस वर्षे झाली तरी कन्व्हेयन्स, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, झालेलाच नाही. असल्या सोसायट्या ढिगाने आहेत. एका फांदीसाठी मानीव अभिहस्तांतरणाच्या (बिल्डर सही करत नसेल तरी सरकारी मार्गाने कन्व्हेयन्स मिळवण्याच्या) मागे लागणे व्यवहार्य नाही (ते करायला हवेच, पण वेगळ्या कारणांसाठी). कायद्याने अर्ज मालकाप्रमाणे भोगवटादारालाही, म्हणजे जागा प्रत्यक्ष ताब्यात असलेल्यालाही, करता येतो. म्हणून अर्जातच स्पष्ट लिहा की जागा सोसायटीच्या ताब्यात व वापरात असून सोसायटी भोगवटादार म्हणून अर्ज करत आहे, आणि सोबत नोंदणी प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते आणि सोसायटीच्या नावाची कराची पावती जोडा. खिडकीवरचा माणूस तरी अडून बसला, तर नेमके काय कमी आहे ते लेखी मागा. तोंडी त्रुटीला उत्तर देता येत नाही, लेखीला देता येते.

ठरावाबाबत एक सूचना. "झाडांची छाटणी करण्याचे ठरले" असा मोघम ठराव नको. कोणती झाडे, किती, कशासाठी, हे त्यातच यावे. नाहीतर छाटणीनंतर दुसऱ्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन उभे राहतात आणि कमिटीकडे दाखवायला काही नसते.

कारणाचा रकाना लोक सगळ्यात हलक्यात घेतात. "पाने पडून कचरा होतो", "गाडीवर पक्षी घाण करतात", "दुकानाची पाटी दिसत नाही", "वास्तूला बाधक" अशी कारणे लिहिली की अर्ज तिथेच संपला. फांदी छपराला घासते आहे, बुंध्यात पोकळी आहे, झाड रस्त्याच्या बाजूला कलले आहे, फांदी वाळली आहे: असे डोळ्यांना दिसणारे लिहा आणि तेच फोटोत दिसू द्या. नुसत्या हिरव्या पसाऱ्याचा लांबून काढलेला फोटो काही सिद्ध करत नाही.

झाडे ओळखता येतील अशी दाखवा. अर्जात "गुलमोहर, 3 नग" आणि आवारात गुलमोहर पाच, तर पाहणीला आलेला माणूस काय करणार? वृक्षगणनेचा क्रमांक बुंध्यावर असेल तर तो लिहा, नसेल तर खडूने 1, 2, 3 घाला आणि नकाशात तेच आकडे टाका. पाहणीच्या दिवशी मागच्या फाटकाची किल्ली वॉचमनकडे असू द्या. त्याच वेळी बुंध्यावर खिळे ठोकून लावलेला "येथे गाडी लावू नये" हा फलक आणि दिवाळीपासून गुंडाळून राहिलेली दिव्यांची माळ उतरवून ठेवा. झाड वाचवायच्या गप्पा मारणारे अर्जदार खिळ्यांमुळे उलट नोटीस घेऊन बसतात. बुंध्याला टेकून फरशी किंवा काँक्रीट घातले असेल तर भोवतीची एक मीटर जागा मोकळी करायला सांगतील. ते आपणहून आधी केलेले बरे.

वयाचा रकाना छाटणीत फारसा त्रास देत नाही, पण झाड पूर्ण काढायचा अर्ज असेल तर तिथे हमखास घोळ होतो. झाड किती धोकादायक आहे हे ठसवायला लोक उत्साहाने "सुमारे 60 वर्षे जुने" लिहून टाकतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची अट आहे. म्हणजे अंदाजाने लिहिलेल्या साठाचा अर्थ साठ रोपे, तीही जगवायची. चाळीस गाड्यांच्या पार्किंगमध्ये ती लावणार कुठे? लावल्याची तारीख, इमारतीचे वर्ष, जुने फोटो, काही आधार असेल तो धरा. नसेल तर वय अधिकाऱ्याला ठरवू द्या.

तारखांचा गोंधळ वेगळाच. झाड तोडायची परवानगी हातात पडली म्हणून दुसऱ्या दिवशी करवत लावता येत नाही. परवानगीनंतर 15 दिवस थांबावे लागते, कारण तेवढ्यात हरकत किंवा अपील येऊ शकते. "परवानगी होती की" हा बचाव त्या 15 दिवसांत चालत नाही. छाटणीच्या पत्रावरही मुदत लिहिलेली असते. ती उलटली तर तेच पत्र घेऊन पुढच्या वर्षी काम करता येत नाही, आणि नेमके तेच करताना लोक सापडतात.

म्हणूनच मे महिना हा अर्जासाठी उशिराचा महिना आहे. सगळ्या शहराचे अर्ज तेव्हाच पडतात, पाहणी लांबते, पत्र पाऊस सुरू झाल्यावर येते. तोवर मोठ्या पर्जन्यवृक्षांवर बगळ्यांनी घरटी केलेली असतात. पिल्ले असलेली फांदी खाली आली तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली प्रकरण जाते, आणि त्यापुढे पालिकेचे पत्र ढाल ठरत नाही. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्या. तेव्हा कार्यालय रिकामे असते आणि अधिकारी दोन शब्द समजावूनही सांगतो.

पत्र मिळाले की ठेकेदाराला त्याची प्रत द्या आणि काम सुरू असताना कमिटीतला एकजण तिथे उभा राहा. पत्रात चार फांद्या आणि ठेकेदार शेंडाच उडवतो, असे फार होते. लाकूड त्याला मिळणार असते, म्हणून हात सैल सुटतो. शिवाय एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर झाडाचा तोल जातो आणि जे पडू नये म्हणून खटाटोप केला तेच पहिल्या वादळात पडते. छाटणीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो फाइलला लावा. गुन्ह्याची जबाबदारी अर्जदाराची असते, ठेकेदार फोन बंद करून मोकळा होतो.

अर्जाचा आवक क्रमांक घ्यायचाच. साध्या कागदावर शिक्का मारून दिला तरी चालेल, पण "ठेवून जा" म्हटले तर ठेवून जाऊ नका. काहीच हालचाल नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: पाहणी कधी झाली, अहवाल काय, फाइल कोणाच्या टेबलावर. उत्तराला 30 दिवस असतात, पण अनेकदा फाइल त्याआधीच हलते.

फांदी मोडून लटकत असेल किंवा झाड पडलेच असेल तर यातले काही करत बसू नका. अग्निशमन दलाला 101 वर फोन करा, लोकांना आणि गाड्यांना खालून हटवा, फोटो नंतर. आणि छाटलेल्या फांद्या कोण उचलणार हे ठेकेदाराशी आधीच लेखी ठरवा. फाटकाबाहेर रचून ठेवल्या तर कचरा टाकल्याचा दंड सोसायटीलाच येतो.