मॅरिसच्या विक्रमापुढे ती चांदणी कधी नव्हतीच

अमेरिकन बेसबॉलपटू रॉजर मॅरिसने 1961 च्या हंगामात 61 होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारून बेब रूथचा 1927 मधला 60 चा विक्रम मोडला, पण रेकॉर्ड बुकात त्याच्या नावापुढे चांदणीची खूण (*), म्हणजे हा विक्रम पूर्ण बरोबरीचा नाही असं सुचवणारी, टाकली, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. अशी खूण नव्हती. मुळात तेव्हा मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं, स्वतःचं अधिकृत रेकॉर्ड बुकच नव्हतं. ती पुस्तकं खासगी प्रकाशक काढत.

मग ही चांदणी आली कुठून? त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक, मॅरिसचा) दोन संघ वाढले आणि प्रत्येक संघाचे हंगामातले सामने 154 वरून 162 झाले. जुलैत मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं की, 154 सामन्यांत विक्रम मोडला नाही तर तशी वेगळी नोंद होईल. (हे फ्रिकसाहेब एकेकाळी रूथच्या नावाने लेख लिहून द्यायचे, तेव्हा ओढा कुणाकडे हे सांगायला नको.) चांदणीची कल्पना पत्रकार डिक यंग यांची. प्रत्यक्षात दोन सरळ ओळी छापल्या गेल्या: 154 सामन्यांच्या हंगामात रूथ 60, 162 च्या हंगामात मॅरिस 61.

आता जास्तीच्या संधीचं बघू. रूथ 1927 च्या हंगामात 691 वेळा फलंदाजीला उभा राहिला, मॅरिस 1961 मध्ये 698 वेळा. फरक फक्त सातचा! एवढ्यासाठी केवढा गहजब.

ही वेगळी नोंदही 1991 मध्ये कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या समितीने रद्द केली. मॅरिस मात्र 1985 मध्येच वारला होता.