ॲपॉस्ट्रॉफी दिसली की ख म्हणू नका: महाप्राण आणि इजेक्टिव्ह

जॉर्जियाला एमबीबीएसला निघालेलं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतं, आणि ‘रोमन के पुढे ॲपॉस्ट्रॉफी असली की ख म्हणायचं’ हे त्याला कुणीतरी आधीच पढवून पाठवलेलं असतं. बरोबर उलटं आहे हो! तिथल्या सरकारी रोमन पद्धतीत ॲपॉस्ट्रॉफी लावलेला के म्हणजे इजेक्टिव्ह (तो काय ते पुढे येतंच), आपल्या क च्या जवळचा, आणि नुसता, बोडका के म्हणजे ख. ‘कारी’ हा शब्द घ्या. ॲपॉस्ट्रॉफीसकट लिहिला तर अर्थ दार, ॲपॉस्ट्रॉफीशिवाय लिहिला तर वारा. तुम्ही नियम पाळून ‘खारी लावा’ म्हणालात तर समोरच्याला वारा लावायला सांगताय.

महाप्राण आपल्याला कुणी शिकवायला नको. ख, छ, थ, आणि ‘फळ’मधला ओठ मिटून म्हटलेला फ (हल्ली अर्धी जनता तोही दात टेकवून म्हणते, तो वेगळा वाद). क म्हणायचा आणि मागोमाग ह ची फुंकर. घसा उघडा, हवा फुफ्फुसातली. झालं.

आता इजेक्टिव्ह. याला काही जण ‘उत्क्षिप्त’ म्हणतात ते कृपया करू नका, तो शब्द हिंदीतल्या ‘सड़क’च्या ड़ साठी कधीच देऊन झालाय. आणि ‘इजेक्टिव्ह म्हणजे क जोरात म्हणायचा’ हे तर त्याहून वाईट, कारण जोर लावला की माणूस फुफ्फुसातून हवा ढकलतो आणि इथे नेमकी तीच हवा वापरायची नाहीये.

गव्हाचं पोतं उचलताना आपण श्वास कोंडतो ना, तेव्हा घशात स्वरतंतू घट्ट मिटलेले असतात. तसे मिटायचे. जीभ क ला लागते तिथे लावायची. म्हणजे दोन बुचं झाली, एक घशात एक तोंडात, आणि मध्ये जराशी हवा अडकली. आता कंठमणी वर सरकतो, सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दांडा रेटावा तशी ती हवा दाबली जाते, आणि जीभ सोडली की टक्! घशातलं बूच अजून मिटलेलंच असतं हे विसरू नका, सगळी गंमत तिथेच आहे. बीटबॉक्सिंग करणारी पोरं तोंडाने ड्रमचा जो ‘प्’ काढतात तो बहुतेक वेळा हाच प्रकार, ओठांवरचा, आणि ती पोरं श्वास न सोडता तो काढत राहतात.

लोक अडकतात ते याच्या पुढच्या क्षणाला. आपल्या क मध्ये जीभ सुटली की स्वर जवळपास लगेच सुरू होतो. ख मध्ये थोडा वेळ जातो आणि तो वेळ ह च्या श्वासाने भरलेला असतो. इजेक्टिव्हमध्येही स्वर यायला बऱ्याचदा वेळ लागतो, पण त्या वेळात काहीच नसतं, शांतता. टक्, क्षणभर गप्प, मग आ. आता इंग्रजी वळणाचा कान काय करतो, तर ‘स्वर उशिरा आला’ एवढंच धरतो आणि दोघांना एका पोत्यात घालतो. आपला कान खरं तर याच्यासाठी तयार आहे, कारण आपल्याला त्या मधल्या जागेत ह आहे का नाही हे लहानपणापासून ऐकू येतं! ह नाही म्हणजे ख नाही. म्हणून जमेपर्यंत सरळ आपला क, त, प म्हणा, फार बिघडत नाही. जॉर्जियन लोक स्वतः बाहेरून आलेल्या साध्या क, त, प ला आपल्या इजेक्टिव्हच्या अक्षरांत लिहितात. ‘टेलिफोन’चं त्यांनी केलंय ‘टेलेफोनी’, त्यातला ट इजेक्टिव्ह आणि फ चक्क आपला फळातला.

मग ॲपॉस्ट्रॉफीचा गोंधळ आला कुठून? चिनीच्या जुन्या वेड-जाइल्स रोमन लिपीत तीच खूण महाप्राणाची होती. आर्मेनियनच्या अभ्यासकी रोमनमध्येही तशीच खूण महाप्राणाची, आणि जॉर्जियन पुस्तकांच्या काही लायब्ररी कॅटलॉगमध्ये तर जॉर्जियन सरकारच्या बरोबर उलट. तेव्हा आधी पद्धत कुठली ते बघा, मग तोंड उघडा.

महाप्राण आणि इजेक्टिव्ह दोन्ही एकाच भाषेत ऐकायचे तर माझी पसंती पेरूतल्या कुस्कोच्या केचुआला. साध्या त चा ‘तांता’ म्हणजे गोळा केलेलं, ‘थांता’ म्हणजे जुनंपानं, फाटकं, आणि इजेक्टिव्ह त ने सुरू केला की पाव. बेकरीत थ म्हटलंत तर काय मागितलंत ते तुम्हीच बघा.

सिंधीतले ते आत ओढलेले ब, ग (देवनागरीत खाली रेघ देऊन लिहितात, उल्हासनगरात कुणी म्हातारं सिंधी माणूस भेटलं तर ऐकून घ्या) ते इजेक्टिव्ह नव्हेत, तिथे कंठमणी वर नाही, खाली जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेचे चकचक आवाज म्हणजे क्लिक, तेही वेगळे, जरी खोसात साधा प, त, क इजेक्टिव्ह असतो आणि एच लावला की महाप्राण.

आणि ते ‘उंच डोंगरावर हवा विरळ म्हणून तिथे इजेक्टिव्ह’ प्रकरण. 2013 साली भाषाशास्त्रज्ञ केलेब एव्हरेट यांनी तसा संबंध मांडला, तेव्हापासून लोक ते सिद्ध झाल्यासारखं ऐकवतात. युकातानचा सपाट प्रदेश बघा, तिथल्या माया भाषेत इजेक्टिव्ह भरपूर आहेत, आणि तिबेटच्या पठारावर शोधून सापडत नाहीत, हा अपवाद खुद्द एव्हरेटनीच नोंदवलाय. मला तरी ते पटत नाही.

सराव करायचाच असेल तर जॉर्जियन पोरांचं जिभेला गाठी मारणारं वाक्य घ्या: ‘बाक़ाक़ी त्स्क़ाल्शी क़िक़िनेब्स’, बेडूक पाण्यात डरांव डरांव करतोय. यातला प्रत्येक क़ जिभेच्या अगदी मुळाशी, पडजिभेजवळ, आणि प्रत्येक इजेक्टिव्ह, वर तो त्सही इजेक्टिव्हच. तोंडासमोर टिश्यू धरून म्हणा, ख सारखा फडफडला तर परत पोतं उचला.