ऑनलाइन दिसतोय म्हणजे मुद्दाम टाळतोय?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक समज कित्येक वर्षं फिरतोय, की समोरचा ऑनलाइन आहे आणि तरी टिका निळ्या होत नाहीत म्हणजे तो आपल्याला मुद्दाम टाळतोय, आणि एकच टिक आली तर ब्लॉकच केलं. वाटणं साहजिक आहे, मीही बहिणीवर यावरून दोन दिवस रुसून बसलोय.

पण ऑनलाइन म्हणजे फक्त त्या माणसाचं अ‍ॅप आत्ता उघडं आहे, कुणाचं चॅट उघडलंय ते त्यातून कळत नाही. एक टिक म्हणजे मेसेज गेला पण फोनपर्यंत पोचला नाही, फोन बंद असेल, नेट नसेल, ब्लॉकही असू शकतं पण नुसत्या टिकेवरून ते ठरत नाही. दोन करड्या म्हणजे पोचला. आणि प्रायव्हसीत रीड रिसीट्स (म्हणजे वाचल्यावर टिका निळ्या होणं) बंद केल्या असतील तर मेसेज वाचूनही टिका करड्याच राहतात (ग्रुपमध्ये मात्र हे बंद करता येत नाही, आणि तिथे सगळ्यांनी वाचल्याशिवाय निळ्या होत नाहीत).

खात्री करायची तर घरातलाच दुसरा फोन घ्या. तो एअरप्लेन मोडवर टाकून त्याला मेसेज करा, एकच टिक. मोड काढा, दोन करड्या. आता त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी चॅट उघडून ठेवा आणि आपल्या फोनवर बघा, वर ‘ऑनलाइन’ लिहिलेलं आणि खाली टिका तशाच करड्या.

बहिणीचं तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर काम चालू होतं, फोन केल्यावर कळलं.