खोक्यावर १५० पीएसआय, मग ट्रकचा टायर का भरत नाही?

आमच्या ट्रकवरच्या ड्रायव्हर मामांनी एकदा स्वतःच्या पैशाने हवा भरायचा छोटा पंप आणला. दोन बॅटऱ्यांपैकी एकीला चिमटे लावायचे, नळी व्हॉल्व्हला फिरवायची, बटण दाबायचं. खोक्यावर ठळक अक्षरांत १५० पीएसआय. आमच्या टायरला हवा लागते ११०. मामा म्हणाले, "शेठ, चाळीस जादाच आहे. आता पंक्चरवाल्याच्या पाया पडायला नको." पुढे घाटाच्या तोंडाशी पुढचा टायर बसला, स्टेपनी उतरवली तर तीही रिकामी. मामांनी पंप लावला. पाऊण तासाने फोन आला. काटा ४० वर, पंपाला हात लावला तर चटका बसतोय, आणि मधूनमधून तो आपोआप बंद पडतोय.

पंप खोटं बोलत नव्हता. सायकलच्या बारीक ट्यूबमध्ये त्याने १५० करूनही दाखवले असते. घोळ झाला तो दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे: हवेचा दाब आणि हवेचं माप. आपण दोन्हींना सरसकट "प्रेशर" म्हणतो. नळाला बारीक धार आली तरी "आज प्रेशर नाही" म्हणतो, तसंच.

दाब म्हणजे हवा किती जोराने ढकलते. तो पीएसआयमध्ये, म्हणजे एका चौरस इंचावरच्या पाउंडांत, किंवा किलोमध्ये मोजतात. कॉम्प्रेसरवाला "आठ किलो" म्हणतो तेव्हा तो एका चौरस सेंटिमीटरवरचे किलो सांगत असतो, आणि एक किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. माप म्हणजे मिनिटाला किती हवा येते: लिटरमध्ये किंवा घनफुटात, ज्याला मशीनवाले सीएफएम म्हणतात. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. दाब कमी असेल तर टायर ठरावीक आकड्यापुढे जातच नाही. माप कमी असेल तर तो आकडा येतो, पण कधी ते विचारू नका.

हिशेब करून पाहिला की डोक्यात बसतं. छोट्या कारच्या टायरमध्ये अंदाजे २५ लिटर जागा असते. ३३ पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सव्वादोन पट, म्हणजे बाहेरची ५५-६० लिटर हवा आत कोंबायची. १०.००-२० आकाराच्या ट्रक टायरमध्ये जागा शंभर-सव्वाशे लिटर आणि दाब ११० पीएसआय, म्हणजे साडेसात पट. बाहेरची आठ-नऊशे लिटर हवा लागते. दाब कारच्या सव्वातीन पट, पण हवा जवळजवळ पंधरा पट! मामांचा पंप मोकळ्यावर मिनिटाला फार तर तीस लिटर फेकत असेल, आणि टायरमधला दाब वाढेल तसं तेही घटत जातं. शिवाय असले पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून थंड करायचे असतात. ते खोक्यावरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

मग मोठा कॉम्प्रेसर घेतला की झालं? इथे उलटी चूक होते. रंगाच्या किंवा दुचाकीच्या गॅरेजमध्ये सिंगल स्टेज, म्हणजे एकाच टप्प्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर असतो. टाकी मोठी, हवा भरपूर, पण मशीन आठ किलोला बंद होतं, म्हणजे ११४ पीएसआय, आणि परत सुरू होतं ते सहाला, म्हणजे ८५ ला. हवा वाहते ती टाकी आणि टायर यांच्या फरकावर. टायर शंभराकडे सरकला की फरकच उरत नाही. काटा रेंगाळतो आणि पंक्चरवाला "झालं, घ्या" म्हणतो. काही गाड्यांत ब्रेकच्या हवेच्या यंत्रणेवर टायर भरायचं तोंड असतं. तिथेही हेच. ब्रेकच्या टाकीत जेवढा दाब, त्यापुढे टायर जाणार नाही. अडल्यावेळी गॅरेजपर्यंत पोहोचायला ते ठीक.

ट्रकच्या कामाला दोन टप्प्यांत दाबणारा, म्हणजे टू स्टेज कॉम्प्रेसर लागतो. तो बारा किलोपर्यंत जातो. पाच हॉर्सपॉवरचं मशीन मिनिटाला पंधराच्या आसपास घनफूट देतं, म्हणजे दोन-तीन मिनिटांत एक टायर. पण पाटीवरचा सीएफएम वाचताना डोळे उघडे ठेवा. "डिस्प्लेसमेंट" असं लिहिलं असेल तर तो पिस्टनने खेचलेल्या हवेचा आकडा. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे "फ्री एअर डिलिव्हरी", त्याहून बरीच कमी असते. दुकानदार साहजिकच मोठा आकडा सांगतो.

टाकीच्या लिटरवरही भुलू नका. २२० लिटरची टाकी १२ किलोवरून ९ वर आली की तिने मोकळी साडेसहाशे लिटर हवा दिलेली असते. एका टायरलाही ती पुरत नाही. बाकीची हवा मशीनने जागेवर करायची.

आणि एवढं करून शेवटी पाव इंची बारीक, वीस मीटर लांब नळी! टाकीचा काटा १६० दाखवत बसतो आणि टायर कण्हत भरतो. ट्यूब नवी असेल, टायर सपाट असेल, तर सुरुवातीला व्हॉल्व्हची पिन काढून भरली की फरक लगेच कळतो, कारण सगळ्यात अरुंद गल्ली तीच असते.

काट्याचाही एक चकवा आहे. हवा चालू असताना नळीवरचा काटा दिसतो तो नळीतला दाब, टायरमधला नव्हे. नळीत १३० आणि टायरमध्ये ८० असू शकतात. हवा बंद करायची, काटा खाली येऊन स्थिरावू द्यायचा, मग वाचायचा. घाईत हे कोणी करत नाही. टामीने, म्हणजे लोखंडी दांडक्याने, टायर ठोकून "टणक आहे" म्हणण्यावर तर मी बोलतच नाही. ७० आणि ११० चा आवाज कानाला सारखाच लागतो, आणि जोडीतला आतला टायर तर ठोकायलाही नीट सापडत नाही.

ट्यूबलेस टायर रिमवर बसवताना मात्र दाबापेक्षा माप वरचढ ठरतं. टायरची कड, म्हणजे बीड, रिमपासून सुटलेली असते. बारीक नळीने कितीही दाबाची हवा सोडा, आली तशी फटीतून निघून जाते. तिथे बीड ब्लास्टर वापरतात: छोटी टाकी, मोठं तोंड, आणि सगळी हवा क्षणात आत. रस्त्याकडेला काही जण पेट्रोल किंवा स्प्रे मारून काडी लावतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. त्या स्फोटाचा दाब किती होईल ते काडी लावणाऱ्याच्या हातात नसतं. कड बसली की हवा बंद करून पुढचं काम लोखंडी पाइपच्या पिंजऱ्यात.

पिंजरा कशाला, तर पुन्हा मापामुळेच. टायरमध्ये नुसता दाब नसतो, त्या दाबाची शंभरावर लिटर हवा कोंडलेली असते. वरच्याच आकड्यांवरून हिशेब केला तर ११० ला भरलेल्या ट्रक टायरमधली ताकद कारच्या टायरच्या अठरा पटींच्या आसपास निघते. एक टनाची गाडी तीन मजले उचलेल एवढी. टायरच्या एका बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, मिळून चाळीस टनांच्या घरात जोर असतो, आणि ट्यूबच्या टायरला लॉक रिंगचं (टायर रिमवर अडवणाऱ्या सुट्या कडीचं) चाक असेल तर त्यातला बराचसा त्या एका कडीने अडवलेला असतो. रिंग खाचेत नीट बसली नसेल, गंजली असेल, दुसऱ्या चाकाची आणून ठोकली असेल, तर ती भरता भरता सुटते. ती सुटताना कुणाला बाजूला व्हायला वेळ देत नाही. रिंग जमिनीकडे करून चाक आडवं टाकलं की भागलं असं पुष्कळांना वाटतं. तेव्हा रिंगऐवजी सगळं चाक वर उडतं. चाकाच्या डिशच्या भोकांतून टामी घातली तर टामीही उडते. हवा चालू असताना हातोडीने रिंग "बसवणं" तर सरळ मरणाला बोलावणं.

अमेरिकेत कामगार सुरक्षेचा एक स्वतंत्र नियमच आहे, १९८० साली लॉक रिंगच्या चाकांसाठी आलेला. १९८४ मध्ये त्यात एका तुकड्याची रिमही आली. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या गॅरेजला तशाच लागू पडतात. चाक पिंजऱ्यात. व्हॉल्व्हला चिकटून राहणारा क्लिपचा नोजल, म्हणजे हाताने धरून बसावं लागत नाही. आणि नळी इतकी लांब की झडप आणि काटा हातात घेऊन साइडवॉलच्या समोरून बाजूला उभं राहता येईल. हे सामान कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे काहीच नाही.

त्याच नियमातली एक गोष्ट मी गाडीत लिहून चिकटवली आहे. टायर ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावला असेल तर वरून हवा मारून पुढे निघायचं नाही. आमच्या ११० ला ती रेघ ८८ वर येते. पिन काढून उरलेली हवा सोडायची, मगच चाक उतरवायचं, टायर खोलून आतून बघायचा. कमी हवेवर धावलेल्या रेडियल, म्हणजे पोलादी तारांच्या टायरच्या साइडवॉलमधल्या तारा दुमडून दुमडून थकलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही. हवा भरताना एक तार तुटते, मग शेजारची, आणि चेन उघडावी तसा टायर फाटतो. भरताना टिकटिक असा आवाज आला किंवा बाजूला फुगवटा दिसला तर जवळ जाऊन बघायचं नाही. लांबूनच हवा सोडायची.

मामांची स्टेपनी त्या रात्री शेवटी चार किलोमीटरवरच्या पंक्चरवाल्याकडे टेम्पोतून नेली. टू स्टेज मशीन, पुढे लोखंडी पाइपचा पिंजरा, तीन मिनिटांचं काम. परत आल्यावर मामांनी दहा मीटर जाड नळी आणि क्लिपचा नोजल आणवून घेतला. आता महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, स्टेपनीसकट सगळ्या टायरचे आकडे वहीत उतरवतात. तो छोटा पंप त्यांच्या मोटरसायकलला लागतो. तिथे दोन मिनिटांत काम होतं.