मेमंद गाव नक्की कुठे आहे? महिना कुठला ते आधी सांगा

इराणचा मॅप उघडा, केरमान प्रांतात शहर-ए-बाबक सापडेल, तिथून साधारण 35 किलोमीटरवर एका दरीच्या टोकाला मेमंद आहे. उंची 2,200 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचेकशे मीटर जास्तच. लोक फारसी बोलतात आणि बोलीत पहलवी, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपातले, शब्द अजून शिल्लक आहेत.

पत्ता तर मिळाला. पण तिथे किती लोक राहतात हे विचारलं की गाडी अडते, कारण हे लोक पशुपालक आहेत आणि वर्षात तीन ठिकाणी संसार मांडतात. थंडी सरत आली की शेळ्यामेंढ्या घेऊन दक्षिणेच्या माळावर जातात, त्या वस्तीला सर-ए-आगोल म्हणतात, आगोल म्हणजे मेंढ्यांचा वाडा. तिथली मारखाना नावाची घरं वाऱ्यापासून वाचायला अर्धी जमिनीत असतात. उन्हाळ्यात मुक्काम हलतो वर सर-ए-बागेत, हंगामी ओढ्यांच्या काठी, जिथे फळझाडं आहेत. (बाग आणि खाना, दोन्ही शब्द आपण रोज वापरतो, तेही फारसीच.) आणि हिवाळ्यात परत खाली, मुख्य गावात.

हे मुख्य गाव बांधलेलं नाही, कोरलेलं आहे! हा सगळा पट्टा प्राचीन ज्वालामुखींचा, जवळच मेदूकची तांब्याची खाण आहे ती पण त्याच पट्ट्यात. गावाखालचा खडक मऊ आहे, हत्याराने कोरता येतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या डोंगराच्या उतारात घरं खोदली गेली, अशा एका घराला कीचे म्हणतात आणि अशी जवळपास 400 आहेत. आत जमिनीत चूल, आणि तिच्या धुराने भिंती आणि छत काळंकुट्ट झालेलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते यातलं उष्णतेचं गणित. खडकातून उष्णता फार सावकाश सरकते, त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक काही फुटांतच विरून जातो, आणि काही मीटर आत गेलात तर उन्हाळा-हिवाळ्याचाही फरक बराच कमी होतो. बाहेर पाणी गोठत असताना आत थोड्याशा जळणावर भागतं, आणि अशा कोरड्या मुलखात जळण वाचणं ही लहान गोष्ट नाही. पाऊस कमी, पाणी कनातीचं, म्हणजे जमिनीखालून उताराने आणलेल्या बोगद्याचं. चारा आणि पाणी एका जागी वर्षभर पुरत नाही म्हणून माणसंच जागा बदलतात.

आता जनगणना. इराणमध्ये पहिली आधुनिक जनगणना 1956 ला झाली, आणि 2016 ची झाली ती शरद ऋतूत, म्हणजे मेमंदची माणसं बागेतून गावाकडे यायच्याच सुमाराला! अशा लोकांचा आकडा एका तारखेला एका जागी बसवणं अवघडच. पूर्ण भटक्या जमातींसाठी तर इराणने 1987 मध्ये वेगळी गणनाच केली.

2015 मध्ये युनेस्कोने मेमंदला जागतिक वारसा यादीत घेतलं, आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी नुसत्या गुहा नाही धरल्या, माळ आणि बागेच्या वस्त्याही त्यात धरल्या.