पाऊसपाण्याच्या गप्पा

पाऊस, पीक आणि त्या ओघात घरकाम व जेवणखाण यांविषयी महाराष्ट्रात रोज होणारे साधे बोलणे. ‘जेवणं झाली का?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘काय म्हणतंय पाऊसपाणी?’ हा प्रश्न ठरलेला असतो. पारावर, एसटीच्या थांब्यावर, विहिरीवर तो जितका ऐकू येतो, तितकाच गावाकडून पुण्या-मुंबईच्या लेकीला केलेल्या फोनवरही. पूर्वी पोस्टकार्डात क्षेमकुशल लिहून झाले की पुढची ओळ बहुधा पावसाची असे. ऐकणाऱ्याला या गप्पा रिकामपणाच्या वाटतात, पण पेरणी कधी, सरपण कधी भरायचे, वाळवणे कधी उचलायची हे त्यांतूनच ठरत आले आहे.

या बोलण्याचा कणा म्हणजे पावसाची नक्षत्रे. चांद्र महिने अधिक मासामुळे पुढेमागे होतात, म्हणून शेतीचा हिशेब सूर्याच्या नक्षत्रांवर ठेवला जातो. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13 ते 14 दिवस असतो. 7-8 जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त. त्यानंतरच्या चित्रा आणि स्वाती हा पावसाचा शेपटीकडचा भाग. पंचांगातली ही नावे बोलण्यात मात्र घरातल्या माणसांसारखी येतात. मृगाचा मिरग होतो, आश्लेषाचा आसळका, हस्ताचा हत्ती. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. काही भागांत मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा. ‘तरणा कोरडा गेला, आता म्हाताऱ्यावर भिस्त’ हे वाक्य जुलैत कोणत्याही बाजाराच्या दिवशी कानावर पडेल.

प्रत्येक नक्षत्राची म्हण असते आणि ती शेताच्या अनुभवातून आलेली असते. ‘पडतील मघा तर चुलीपुढे हगा, न पडतील मघा तर वरती बघा’ ही म्हण पाहुण्यांसमोरही बिनदिक्कत म्हटली जाते. झड लागली की दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही आणि पाऊस दडला की आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते, हे दोन्ही टोकांचे हाल तिने एका दमात सांगितले आहेत. ‘पडेल हत्ती तर पाडील भिंती’ ही मातीच्या घरांची म्हण. पावसाळाभर भिजून ओलावलेल्या भिंतीला हस्ताचा गडगडाटी पाऊस सोसवत नाही. तोच हत्ती सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत मुरला की रब्बी ज्वारीला बळ मिळते; म्हणून भिंतीची काळजी आणि पिकाचा आनंद एकाच घरात एकाच दिवशी असू शकतो. ‘पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा’ ही भाताच्या मुलखात खरी पटते. ऑक्टोबरात लोंब्या पिकलेल्या असतात. तेव्हाच्या पावसाने पीक आडवे होते आणि दाणा काळा पडतो. काही ठिकाणी हीच म्हण चित्राऐवजी उत्तरांच्या नावावर सांगतात. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ हे रब्बीवाल्यांचे सुख. जुन्या पाऊसवचनांचा पुष्कळसा साठा लोकपरंपरेत सहदेव-भाडळीच्या नावावर आहे. गुजरात-राजस्थानातली भडली आणि उत्तरेतले घाघ-भड्डरी ही त्याच घराण्यातली नावे.

कामे आणि जेवणही याच वेळापत्रकावर चालतात. मिरगाआधी कौले चाळून घ्यायची, गोवऱ्या-सरपण आडोशाला रचायचे, पापड, कुरडया, सांडगे डब्यात भरायचे. कोकणात याला आगोटची तयारी म्हणतात. तिथे सुकट आणि सुके बोंबीलही भरून ठेवावे लागतात, कारण 1 जून ते 31 जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद असते. ‘सोडे (सुकवलेली कोळंबी) भरलेस का?’ ही दोन शेजारणींमधली चौकशी मे महिन्यातली. सिंधुदुर्गात मिरगाला राखणदारासाठी, म्हणजे जागेचे रक्षण करणाऱ्या दैवतासाठी, कोंबडा देण्याची रीत आहे. पहिल्या पावसानंतर टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या निघतात आणि दुपारच्या जेवणाच्या गप्पांना नवा विषय मिळतो. हस्तात मुली पाटावर हत्ती काढून हादगा किंवा भोंडला खेळतात; शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. पावसाच्या नक्षत्राचा असा खाऊशी जोडलेला सण मुलांच्या लक्षात पंचांगापेक्षा पक्का राहतो.

नक्षत्राला पंचांगात वाहनही असते: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की लोक सुखावतात. हे वाहन सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांतले अंतर मोजून, 9 ने भागून ठरते. ढग, वारा, समुद्र यांचा त्यात काही संबंध येत नाही, त्यामुळे त्यावर पेरणी बेतणे धोक्याचे. म्हणींचे तसे नाही. कोणत्या दिवसांतला पाऊस कोणत्या पिकाला काय करतो, हे त्या नेमके सांगतात.

आणखी एक गोष्ट म्हणी सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. संपाताचा बिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य आकाशात जिथे असतो ती जागा, हळूहळू सरकत असल्याने ऋतू आणि नक्षत्रे यांचा मेळ सुमारे 70-71 वर्षांत एका दिवसाने ढळतो. ऋतूंच्या हिशेबाने शिवकाळात मृग आजच्यापेक्षा जवळपास 5 दिवस लवकर लागत होता. शिवाय मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. म्हणजे मृग लागला त्या दिवशी पाऊस असेलच असे नाही, आणि आलेली सर वळवाची असण्याचीही शक्यता असते. म्हणून मिरगाची आठवण कामाला लागण्यासाठी ठेवावी, पण खरिपाची तिफण (पेरणीचे अवजार) 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीला वापसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, आल्यावरच धरावी. नाहीतर पुढच्या उघडिपीत कोंब करपतात आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते.